बेंबीवरचा हिंग आणि तीन दिवसांचा गॅस

प्रिय सई आणि अर्णव,

मागच्या महिन्यात मी तुमच्या आजोबांना ओवा खायला घालून जवळजवळ मारलं. तुमच्या आईने तुम्हाला ‘आजोबांना जरा बरं नव्हतं’ एवढंच सांगितलंय असं कळलं. हा तिचा दयाळूपणा. पण सिडनीहून तुमचं कोल्हापूर कितीही लांब असलं तरी बातम्या पोहोचतात, आणि खरी हकीकत इतरांकडून कळण्यापेक्षा आरोपीच्याच हातची मिळालेली बरी.

गुरुवारी स्कोफिल्ड्सला जोश्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आजोबांनी चार बटाटेवडे खाल्ले. (ते तीन म्हणतात. मी मोजत होते.) कॅसल हिलला घरी परत येताना गाडीत ते म्हणाले, “अगं, छातीत जरा जड वाटतंय.”

“गॅस,” मी म्हणाले. सिग्नल लाल होता. तो हिरवा व्हायच्या आत माझं निदान झालं होतं!

आपल्या घराण्यात आजार एकच. डोकं दुखलं, तर गॅस वर चढला. पाठ दुखली, तर गॅस अडकला. माझ्या सासूबाईंचा एका जावयाशी अबोला झाला होता, त्याचं मूळसुद्धा त्या जावयाच्या पोटात शोधायच्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, इंग्रजी साहित्याची पदवी घेतली, चाळीस वर्षं सिडनीत काढली. पण गॅससमोर माझं सगळं शिक्षण हात जोडून उभं राहतं.

घरी आल्याबरोबर ओवा, काळं मीठ आणि गरम पाणी दिलं. आणि तुम्हाला माझी सवय माहीत आहे, लगेच एक वही उघडली. तीत चार रकाने आखले: दिवस, वेळ, उपाय, परिणाम.

“कसं वाटतंय?”

“किंचित बरं,” आजोबा म्हणाले. मी लिहिलं: किंचित बरं.

शुक्रवारी सकाळी आल्याचा रस झाला, लिंबू-सोडा झाला, बडीशेपेचा काढा झाला. प्रत्येकासमोर ‘किंचित बरं’. एवढं किंचित किंचित बरं होत गेलेला माणूस दुपारपर्यंत पळायला लागायला हवा होता. पण ते सोफ्यावर बसूनच होते, आणि पंखा लावायला सांगत होते. मी खिडकी उघडली. तेवढ्यात तुमच्या आईचा फोन आला.

“आई, हिंग लावलास का? बेंबीभोवती?”

“हिंग संपलाय गं.”

“मग आण ना! वेंटवर्थव्हिल काय चंद्रावर आहे?”

आम्ही वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानात हिंग आणायला गेलो. हिंगाबरोबर दहा किलोंची कणकेची पिशवीही घेतली. (स्वस्त मिळत होती.) ती पिशवी गाडीपर्यंत आजोबांनी उचलली. वाटेत दोनदा थांबले.

“वय झालं,” ते म्हणाले.

“गॅस,” मी म्हणाले.

हे वाक्य मला आता रोज आठवतं, बाळांनो. दिवसातून किती वेळा, ते सांगत नाही.

हिंग पाण्यात कालवून मी त्यांच्या बेंबीभोवती चांगला जाड थर दिला. हा उपाय तान्ह्या बाळांसाठी असतो आणि आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, हे मला माहीत होतं. म्हणून प्रमाण वाढवलं.

आता यातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट. दर शनिवारी मी आमच्या भागातल्या छोट्याशा संग्रहालयात लोकांना माहिती सांगायला जाते. सध्या तिथे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या अपचनाच्या तयार औषधांचं प्रदर्शन आहे. निळ्या-तपकिरी काचेच्या बाटल्या, गोळ्यांच्या डब्या, जुन्या जाहिराती. बोटीने इंग्लंडहून यायच्या आणि बैलगाडीतून आतल्या शेतमळ्यांपर्यंत पोहोचायच्या. एकच गोळी अपचन, पित्त, डोकेदुखी, उदासपणा आणि मुलींचा फिकटपणा, सगळं घालवणार! आत काय? कोरफडीचा कडू चीक, सुंठ आणि चक्क साबण. काही बाटल्यांत दारू, काहींत अफू. आणि जाहिरातीखाली पेशंटांची आभाराची पत्रं: तीन बाटल्यांत ठणठणीत झालो.

तिथे माझा एक ठरलेला विनोद आहे. “जे ठणठणीत झाले नाहीत, त्यांनी पत्रं लिहिली नाहीत.” लोक दर शनिवारी हसतात.

त्या शनिवारी मी आजोबांना म्हणाले, “तुम्ही घरीच पडा.”

“नको. एकटं बसलं की जास्त वाटतं.”

म्हणून ते आले आणि मागच्या भिंतीशी, बरोबर त्या जाहिरातींखाली, खुर्चीवर बसले. समोर बारा पाहुणे. मी रंगात आले होते! “बघा,” मी सांगत होते, “त्या काळी लोकांना वाटायचं की प्रत्येक दुखणं पोटातूनच येतं. छातीत दुखलं तरी पोटाचंच औषध! डॉक्टर लांब आणि बाटली जवळ. अडाणीपणा, दुसरं काय?”

मागे माझी सहकारी मार्गारेट उभी होती. ऐंशी वर्षांची निवृत्त शाळामास्तरीण आहे, आवाज अजून वर्गातला आहे. तिने माझी बाही ओढली.

“लव्ह, तुझा नवरा राखाडी दिसतोय.”

“ते मुळातच सावळे आहेत,” मी हळूच म्हणाले. “गॅस झालाय.”

मार्गारेट मला ओलांडून पुढे गेली. सरळ आजोबांसमोर जाऊन वाकली. “डार्लिंग, डाव्या हातात दुखतंय का?”

आजोबांनी आधी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागावी तसं. मग म्हणाले, “तीन दिवस.”

“तीन दिवस!” मी ओरडले. “मला का नाही सांगितलंत?”

“तू हाताचं विचारलंच नाहीस. तुझ्या वहीत तो रकानाच नव्हता.”

मार्गारेटने तीन वेळा शून्य दाबून (इथला तातडीचा नंबर तोच) अँब्युलन्स बोलावली. मी काय केलं? मी आजोबांची कॉलर सारखी केली. लोक येणार होते ना!

अँब्युलन्समधून आलेली मुलगी तुमच्या मावशीच्या वयाची असेल. तिने सगळ्यांना मागे सारलं, आजोबांना एक गोळी चघळायला दिली आणि छातीवर तारा चिकटवायला झर्रकन शर्टाची बटणं उघडली. मग वास पोहोचला.

“हे काय आहे?” तिने विचारलं. पोटावर हिंगाचा वाळलेला, भेगा पडलेला पिवळा गोल होता.

“औषध,” मी म्हणाले.

पुढच्या रांगेतले एक म्हातारे पाहुणे बायकोच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, कुजबुजले, “काय हुबेहूब नाटक करतात हे लोक! दर शनिवारी असतं का हे?”

“यांनी आतापर्यंत काय काय घेतलंय?” त्या मुलीने विचारलं. या प्रश्नाची मी तीन दिवस वाट बघत होते. मी पर्समधून वही काढली. इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या वळणात, वेळेसकट! तिने वाचायला सुरुवात केली. ओवा. सोडा. आलं. परत ओवा. अकरा उपाय होते. वाचता वाचता तिचा चेहरा इतका शांत झाला, की मला पहिल्यांदाच भीती वाटली.

“यातल्या प्रत्येकाने बरं वाटलं?”

“नाही,” तिने लावलेल्या ऑक्सिजनच्या मास्कमधून आजोबांचा आवाज आला. “मी आपलं म्हणायचो. बरं वाटलं म्हटलं की पुढचं द्यायला ती तासभर लावायची.”

तो हार्ट अ‍ॅटॅक होता. तुमच्या आजोबांच्या हृदयात आता दोन स्टेंट आहेत. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? मी म्हणाले, गुरुवारी दुपारी. त्यांनी एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हृदयाचा एक तुकडा गेला, तो परत येणार नाही, एवढंच त्यांनी समजावून सांगितलं, नकाशावर गाव दाखवावं तसं. गुरुवारीच आला असतात तर कदाचित वाचला असता, हे ते बोलले नाहीत. ते वाक्य माझं मीच पूर्ण केलं. त्या कॉरिडॉरमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मी चार तास बसले आणि माझ्या हाताला हिंगाचा वास येत होता. दोनदा साबणाने धुतला, तरी.

आता आजोबा घरी आहेत. पूर्वी ते मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जायचे. आता पत्रपेटीपर्यंत जातात, आणि परत आले की पायरीवर बसतात. मी खिडकीतून बघते आणि बघत नसल्यासारखं करते. ते त्यांना माहीत आहे. ‘गॅस’ हा शब्द मी तोंडातून काढून टाकलाय. त्याऐवजी मी आता फोन उचलते. त्यांना उचकी लागली तेव्हा अँब्युलन्स बोलावली. पायाला मुंग्या आल्या तेव्हाही बोलावली. (मांडीवर पेपर घेऊन तासभर बसले होते.) आलेली माणसं फार चांगली. ‘नो वरीज’ म्हणून चहा पिऊन गेली.

गेल्या रविवारी जोशी पतिपत्नी भेटायला आले. बरोबर वडे नव्हते, फळं होती. आजोबा मजेत बोलत होते. बोलता बोलता एकदम थांबले, चेहरा कसनुसा झाला, आणि एक हात छातीवर गेला. माझ्या हातातली बशी टेबलावर आपटली.

आजोबांनी दुसरा हात ट्रॅफिक पोलिसासारखा वर केला. “अगं, थांब! हा ढेकर आहे!”

आणि त्यांनी तो दिला. इतका मोठा, की जोशीवहिनी खुर्चीवरून उठल्या.

पण तोवर माझी दोन शून्यं दाबून झाली होती.

तुमची,
आजी