चहा येण्याआधी उघडणारे पान

गेल्या सोमवारी पहाटे ठीक पाच वाजता आपल्या यंत्रमाग संघटनेने श्री. चन्नवीर म्हेत्रे सरांचा गौरव सुरू केला आणि त्याच मिनिटाला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कामगारांची सकाळ वाया घालवली. सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी 'चार चांगले शब्द' लिहा, असे गौरव समितीने मला कळवले आहे. सरांविषयी मी चांगलेच लिहिणार आहे. समितीविषयी तशी हमी देता येत नाही.

सरांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दूरध्वनी खात्यातून निवृत्त होऊन मी शुक्रवार पेठेतल्या घरी नुकती स्थिरावले होते. वरच्या मजल्यावर सरांचा वेबसाइट बनवायला शिकवणारा वर्ग होता आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चपला जिन्यात पसरलेल्या असत. एक दिवस मी तक्रार घेऊन वर गेले. सरांनी ती शांतपणे ऐकली, खाली वाकून स्वतः चपला कडेला लावल्या आणि म्हणाले, "आता एवढे जिने चढलाच आहात तर बसा की, मॅडम. आज जावास्क्रिप्टचा पहिला तास आहे." मी बसले ती अजून उठलेले नाही.

सरांच्या वर्गात शनिवार हा नव्याचा दिवस असतो. जगात कुठेतरी कोणीतरी एखादी नवी जावास्क्रिप्ट लायब्ररी काढतो, म्हणजे कोडचे तयार भाग, की आपल्याला ते पुन्हा लिहायला नकोत. दर आठवड्याला अशी काहीतरी नवलाई येतेच. सर ती सर्वांसमोर उघडतात, चालवतात, मोडतात आणि विचारतात, "हे कुणाच्या अडचणीसाठी केलंय? ती अडचण आपल्याला आहे का?" साठीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस विशीतल्या मुलांपेक्षा आधी नवे अवजार हातात घेतो. 'सर आता जुने झाले' असे म्हणणाऱ्यांनी एखाद्या शनिवारी जिना चढून यावे. चपला कडेला काढाव्यात.

सरांचे सर्वात मोठे काम दिसायला सर्वात लहान आहे. संघटनेच्या वेबसाइटवरचे 'आजची पाळी' हे ते पान. सूत आले नाही, वीज गेली की कारखाना बंद राहतो, आणि पूर्वी हे कामगाराला फाटकावर पोहोचल्यावर कळे. सरांनी फोरमन मंडळींना पहाटे निरोप पाठवायची सवय लावली आणि कोणता कारखाना चालू, कोणता बंद, हे एका पानावर आणले. कुंभारी गावाहून सायकल काढण्याआधी माणूस मोबाइल बघू लागला. पानाच्या तळाशी तक्रारीसाठी माझा नंबर होता. तक्रारखोर बाईचा इतका योग्य उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

या पानात काहीही नवीन घालायचे असेल तर सरांची एक रीत होती. एमआयडीसीच्या फाटकासमोरच्या टपरीवर जायचे, चहा सांगायचा आणि तिथे बसलेल्यांपैकी ज्याचा फोन सर्वात जुना त्याला पान उघडायला लावायचे. चहा हातात येण्याआधी पान उघडले तर नवी गोष्ट राहिली. चहा आधी आला तर ती गेली, मग ती घालायला आम्ही आठवडा का घालवलेला असेना. मी एकदा कडाडले होते, "सर, अहो, इतकी सुंदर लायब्ररी! सगळं जग वापरतंय." सर चहा फुंकत म्हणाले, "जगाला सातला कांडी भरायला बसायचं नाही, मॅडम."

सरांची माणुसकीही अशीच, आवाज न करणारी. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वर्गातल्या पडद्यावरची अक्षरे एकाएकी मोठी झाली. मी विचारले तर म्हणाले, "सगळ्यांनाच बरं पडतं." माझी नजर सुधारली आणि अक्षरे पुन्हा पहिल्यासारखी झाली.

आता सोमवारकडे येते.

सकाळी सात वाजून गेल्यावर नागम्मांचा फोन आला. त्या कुंभारीच्या, टॉवेलच्या कारखान्यात कांडी भरतात, म्हणजे मागासाठी सूत कांडीवर गुंडाळतात.

"बाई, ह्ये काय केलाव तुमी?"

"काय झालं?"

"पान उगडलं तर सरांचं टक्कलच दिसायलंय की! तेबी अर्धं. खाली गोल गोल फिरायलंय. पाळी कुटं हाय?"

"तुम्ही आहात कुठे?"

"फाटकावर. हितं कुलूप हाय. पोरीला तापात टाकून आलोय, बाई. बंद हाय म्हनून कळलं असतं तर आलोच नसतो की."

मी माझ्या फोनवर पान उघडले. आधी सरांचा भलामोठा हलता फोटो, त्यावर पडणारी फुले, मग 'षष्ट्यब्दीपूर्ती' अशी झळकणारी अक्षरे. या सगळ्यानंतर, फोनला दम उरला तर, पाळी. संघटनेने एका कंपनीकडून सरांच्या नकळत नवे पान करून घेतले होते आणि जुने काढून टाकले होते. ज्या नव्या लायब्ररीवर ते उभे आहे, तीच आम्ही एका शनिवारी शिकलो होतो. मालकांच्या ऑर्डरी घेण्यासाठी सरांनी ती स्वतः वापरली आहे आणि तिथे ती उत्तम चालते. पण ती फोनकडे कोरे पान पाठवते आणि पुढचा सारा संसार फोनलाच मांडायला लावते. नागम्मांचा फोन तो मांडू शकत नाही. सरांनी ती 'आजची पाळी'साठी चहाच्या कपासमोर नाकारली होती. दोष लायब्ररीचा नाही. ज्यांनी विचारले नाही त्यांचा आहे.

मी संघटनेच्या सचिवांना फोन लावला. गौरव समितीचे निमंत्रकही तेच.

"मॅडम, सरांना सरप्राइज द्यायचं होतं," ते म्हणाले.

"सरांना मिळालं. नागम्मांनाही मिळालं. तुम्ही हे पान तपासलंत कुठे?"

"माझ्या केबिनमध्ये. काय झकास उघडतंय! फुलं बघितलीत का?"

"फुलं बघितली. पाळी दिसली नाही."

"अहो, दोन-चार जुन्या फोनसाठी जग थांबतं का? सत्कार होऊ दे, मग बघू."

सत्कार होऊ दे! या तीन शब्दांनी माझे डोके जे फिरले आहे ते अजून फिरलेलेच आहे. माणसाचे काम पुसायचे आणि त्यावर त्याचाच फोटो डकवायचा, याला गौरव म्हणायला मी शिकलेले नाही. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी मला ताठ बसायला आणि तक्रार लेखी करायला शिकवले, एवढेच.

सर रागावले नाहीत. त्यांच्या वाटणीचे रागावणे मलाच करावे लागते. ते इतकेच म्हणाले, "माझा फोटो काढला तरी पान बरंच हलकं होईल." आणि मंगळवारपासून ते पहाटे स्कूटर काढून टपरीवर जातात. फोरमनचे निरोप त्यांच्याकडे अजून येतातच. चहावाल्याच्या भाव लिहायच्या फळीवर ते खडूने चालू-बंद लिहितात. पण फळी बघायला माणसाला फाटकापर्यंत यावेच लागते. नागम्मा फळी बघून परत फिरतात आणि सर मान खाली घालून उभे राहतात. ज्यांच्या खांद्यावर तुम्ही शाल घालणार आहात, त्यांच्या बोटांना सध्या खडू लागलेला आहे.

सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या शनिवारी दर आठवड्याला नवे काही येत राहो आणि त्यांचा चहा नेहमी पान उघडल्यानंतरच येवो. या शुभेच्छा विनाअट आहेत.

बाकीचे विनाअट नाही. सत्कार रविवारी आहे. 'आजची पाळी'चे जुने पान जागेवर परत कधी येणार, हे समितीने मला शुक्रवारी सायंकाळी पाचच्या आत लेखी कळवावे. पुढे कोणतेही नवे पान टपरीवर उघडून पाहिल्याशिवाय लावणार नाही, हेही त्याच पत्रात असावे. फोनवरचे उत्तर चालणार नाही. पत्र आले नाही तर रविवारी मला बोलायला दिलेल्या दहा मिनिटांत मी हाच लेख वाचेन. नागम्मांना मी पहिल्या रांगेत बसायला सांगितले आहे. त्या त्यांचा फोन घेऊन येणार आहेत.