एकशे नव्वदचं तेल

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून चहा आला होता!

मी झुइडास या बँकांच्या भागातल्या एका ऑफिसात काय करतो, माहितीये? सर्व्हर तापतायत का ते बघतो. त्याचाच पगार घेतो हो! म्हणजे तापमानातलं मला कळत नाही, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

आम्ही आल्मेरे या सपाट डच गावात राहतो. आल्मेरेत सगळ्यात मोठा चढ कुठला? कालव्यावरचा पूल. अशा गावात मी अमेरिकेतून आलेला जुना पिकअप ट्रक विकत घेतला. गरज होती बायकोला, वृंदाला. तिचा केटरिंगचा नवा धंदा, त्याला गाडी हवी होती. व्हॅन चालली असती. पण व्हॅन काय, कुणीही घेतं! मी दहा दिवस येईल त्याला मीटर दाखवत होतो, "बघ, वेग मैलांत दाखवते. अस्सल माल!"

जुलैत मराठी मंडळाची सहल ठरली, खाली दक्षिणेला लिंबुर्गच्या डोंगरात. डोंगर म्हणजे, पर्वतीवर चढलेला माणूस त्याला उंचवटा म्हणेल. ऐंशी माणसांच्या जेवणाची ऑर्डर वृंदाला मिळाली. बटाटेवडे, चटणी, पाव, दुपारी एकला. हे जमलं तर दिवाळीच्या फराळाचीही ऑर्डर तिलाच मिळणार होती. तिची ही पहिलीच मोठी ऑर्डर. आठवडाभर बाई झोपली नव्हती.

सामानासाठी केस नावाच्या डच शेजाऱ्याचा कॅराव्हॅन मागितला, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. हे डच लोक! फ्रान्सला जाताना बटाटेसुद्धा घरून नेतात आणि त्याला सुट्टी म्हणतात. केसने कॅराव्हॅन जोडून दिला आणि मला शिकवायला लागला.

"ओझं ओढताना गिअरबॉक्सचं तेल तापतं. टोइंगचं बटण दाबून ठेव, घाई करू नकोस. आणि तेलाचा आकडा शंभरच्या वर गेला की थांब."

मला तापमान शिकवतोय! मी नुसता हसलो.

सकाळी सातला निघालो. पंधरा मिनिटांत आकडा एकशे दहा.

"वृंदा, शंभरच्या वर!"

"मग थांब ना, केस म्हणाला होता."

थांबलो. इंजिन चालू ठेवून गाडी न्यूट्रलवर टाकली, म्हणजे तेल फिरून गार होतं. ही विद्या मी इंटरनेटवर वाचली होती. अर्धा तास झाला. आकडा काही शंभरच्या खाली येईना! शेवटी तसेच निघालो. उत्रेख्तपर्यंत एकशे साठ. पुढे एकशे नव्वद!

आता आली पंचाईत. मी ट्रकवाल्यांच्याही मागे, रांगत. ट्रकवाले हॉर्न मारून पुढे जात होते. एका कॅराव्हॅनवाल्या आजोबांनी आम्हाला मागे टाकलं, वर हात हलवला. दिसेल त्या पार्किंगला मी थांबत होतो. मग दुसरी विद्या आठवली, हीटर पूर्ण सोडला की इंजिनची उष्णता आत येते. लावला हीटर. जुलैत!

"समीर, मी शिजतेय."

"गिअरबॉक्स वाचवायचाय ना?"

"आणि माझी चटणी? सारण आंबलं तर ऐंशी लोकांना काय घालू?"

"वृंदा, तुला यातलं काही कळत नाही."

हे वाक्य मी बोललो. लक्षात ठेवा.

साडेबाराला आम्ही अजून अर्ध्याच वाटेवर, डेन बॉशजवळच्या एका पार्किंगात होतो. मी केसला फोन लावला. "केस, एकशे नव्वद झालंय!"

केस म्हणाला, "शक्य नाही. तसं असतं तर तू आता मला फोन करत नसतास. रस्त्यावर उभा राहून धूर बघत असतास."

मी फोन ठेवला. म्हटलं, आयुष्यभर सायकल मारणाऱ्याला ट्रकमधलं काय कळणार!

वृंदा मात्र विचारात पडली. तिने घाम पुसला आणि विचारलं, "एकशे नव्वद म्हणालास ना? मी वडे एकशे ऐंशीला तळते. दोन मिनिटांत तांबूस होतात. तुझं तेल सकाळपासून एवढं कढतंय आणि साधा वास नाही?"

"गिअरबॉक्सचं तेल वेगळं असतं."

"बरं. तो वर आरशाच्या कोपऱ्यात आकडा आहे, तो कसला?"

"बाहेरच्या हवेचा."

"किती आहे?"

मी वर पाहिलं. "एकोणऐंशी."

बाहेर एक बाई कुत्र्याला घेऊन आइस्क्रीम खात चालली होती.

"समीर," वृंदा अगदी हळू म्हणाली, "वेग मैलांत दाखवते म्हणून गावभर मिरवलास ना? मग ताप कशात दाखवेल?"

फॅरनहाइट! एकशे नव्वद फॅरनहाइट म्हणजे अठ्ठ्याऐंशी सेल्सिअस. तेल अगदी ठणठणीत होतं. केसची मर्यादा आम्ही सकाळपासून ओलांडलीच नव्हती! मी मुकाट्याने हीटर बंद केला.

पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. ऐंशी मराठी माणसं गवतावर बसून सुपरमार्केटचं ब्रेड-चीज चावत होती. चटणी काळी पडली होती, ती फेकली. सारण तेवढं बर्फाच्या पेटीत वाचलं होतं. वृंदाने लगेच कढई चढवली, आणि वडे वीस मिनिटांत संपले. अध्यक्ष नीलाताई बोटं चाटत तिला म्हणाल्या, "दिवाळीची ऑर्डर तुझीच गं. फक्त एक कर, पोचवायला याला पाठवू नकोस."

मला लाज वाटली, खोटं कशाला बोलू? त्यात तासन्‌तास हीटरपुढे बसल्याने अंगही तापलं. संध्याकाळी घरी वृंदाने पुण्याहून आणलेला थर्मामीटर माझ्या तोंडात खुपसला. तुम्हीच सांगा, लहानपणापासून आपण ताप कशात मोजत आलो?

"किती?" मी कण्हत विचारलं.

"एकशे एक."

"अगं मग कर ना काहीतरी!"

"करायचं काय त्यात?" ती कढई घासत म्हणाली. "बाजूला हो, न्यूट्रलवर पड अर्धा तास."