निळ्यातून काढलेले ढग

आईने लहानपणी तिला तंद्री म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दूध उतू जाताना ही समोर उभी राहून सायीवरची नक्षी बघत बसायची. पुढे थोरल्या बहिणीबरोबर तिने कपडे छापून द्यायचं छोटंसं दुकान टाकलं, तेव्हा कामंही आपोआप वाटली गेली. गिऱ्हाईक आणि घासाघीस ताईकडे, शाया आणि छपाईच्या जाळीदार फ्रेमा हिच्याकडे. वाळत टाकलेल्या शर्टांच्या रांगांमधून जाताना तंद्रीला वाटायचं, बिनचेहऱ्याची एक शांत गर्दी आपल्याला वाट करून देतेय.

एका दुपारी एक गृहस्थ आले. बंदरात क्रेन चालवायचे आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. खाली काम करणाऱ्या सोबत्यांसाठी त्यांना शर्ट हवे होते, गडद निळे.

"काय छापायचं?" ताईने विचारलं.

"आभाळ," ते म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. "म्हणजे ढग हो. आयुष्यभर वरच्या केबिनमध्ये बसलो, मला ढग शेजाऱ्यांसारखे. ही मंडळी मान वर करणार ती फक्त माझा कंटेनर डोक्यावर येत नाही ना, हे बघायला. म्हटलं, त्यांनाही थोडं आभाळ द्यावं. आणि छातीवर नको, खांद्यांवर छापा. मला वरून माणसांचे खांदेच तेवढे दिसतात."

तंद्रीचा हात कामातच थांबला. निळ्या खांद्यांवरून ढग चाललेत, खाली पाय कुणाचे ते दिसत नाही, असं काहीतरी तिच्या डोळ्यांपुढे तरंगायला लागलं.

"सोपं आहे," ताई म्हणाली. "डिजिटल मशीनवर हुबेहूब फोटो निघेल." नमुना काढला. गडद कापड म्हणून आधी पांढऱ्या शाईचा थर, त्यावर ढग. क्रेनवाल्यांनी बोट फिरवलं. "दिसतोय झकास. पण हाताला चिकटपट्टीसारखा लागतोय."

"मग दुसरी पद्धत आहे. त्यात रंगाची वाफ होऊन धाग्यातच शिरते, हाताला काही लागत नाही. फक्त कापड पॉलिएस्टरचं लागेल."

"उन्हात, घामात, दिवसभर पॉलिएस्टर? अहो, ते मला अशा शिव्या घालतील की वर केबिनपर्यंत ऐकू येतील!"

ताईने भरतकाम सुचवलं, तर म्हणे ढगाला टाके कसे घालणार? ताईने कपाळाला हात लावला.

"ताई," तंद्री हळूच म्हणाली, "ढग छापायचाच नाही."

"मग?"

"निळा काढून घ्यायचा."

तशी एक पद्धत होती. साध्या फ्रेमनेच छापायचं, पण शाई अशी की गरम झाली की सुती कापडाचा रंगच उडवते. वर थर बसत नाही, कापड मऊच राहतं. अडचण एवढीच, की कुठला निळा हटेल आणि कुठला हटून बसेल ते आधी सांगता येत नाही.

पहिला प्रयोग फसला. खांद्यावर विटकरी डाग उमटला आणि दुकानभर सडक्या अंड्यांचा वास सुटला.

"ढगाला गंज चढलाय तुझ्या," ताई कडाडली. "गिऱ्हाईक दारात आणि तू आपली हवेत! कधी खाली येणार आहेस?"

तंद्रीने फ्रेम बाजूला ठेवली. मागच्या पायरीवर जाऊन बसली. आपल्या डोक्यातलं नेहमी दुसऱ्याच्या कामात आडवं येतं, असं वाटून तिला भरून आलं. बऱ्याच वेळाने ताई बाहेर आली आणि शेजारी टेकली. तिच्या हातात कापडवाल्यांकडून मागून आणलेल्या चिंध्या होत्या, सगळ्या निळ्या आणि तरी एकीसारखी दुसरी नाही.

"घे. वास सुटला तर खिडक्या तूच उघडायच्यास."

दोघी एकेक चिंधी छापत गेल्या. ओली असताना शाई दिसेचना. नुसती ओल, दव पडल्यासारखी. एक पिवळट झाली, एक ढिम्म राहिली. मग एका तुकड्याला उष्णता लागली आणि निळा मागे सरकायला लागला. सावकाश, कडेकडेने. आतून सायीच्या रंगाचा एक ढग वर आला. कुणी आणला नव्हता. तिथेच होता आणि आता उठून बसला होता, असं तंद्रीला वाटलं. मागे फोन वाजून वाजून बंद पडला. ताईला पत्ताच नाही.

त्याच कापडाचे शर्ट शिवून आले. छपाईनंतर धुतल्यावर वासही गेला. हाताचा दाब कमीजास्त होऊन प्रत्येकावर ढग निराळा उमटला. क्रेनवाले एकेक उचलून ओळख पटवू लागले. "हा भर दुपारचा. हा धुक्यातून सुटलेला. आणि हा तर... ह्याला मी पाहिलंय."

त्यांच्या शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुकानात फोन आला. क्रेनवाले वरच्या केबिनमधून बोलत होते. ताईने आवाज मोठा केला.

"बाई, गडी तुमचे शर्ट घालून जेवायला चाललेत. पांगताहेत सगळे. आज पहिल्यांदाच खाली बघून..."  नुसता वारा ऐकू येत होता, उंचावरचा, मोकळा. दोघी बहिणी शाईचे हात तसेच धरून तो ऐकत राहिल्या.

"ऐकताय ना?" ते म्हणाले.

"हो," तंद्री म्हणाली. "घाई नाही. बघा तुम्ही."