वीस पत्रकं परत मागताना

इस्त्रीचे कपडे घालून समाजसेवेला निघालेल्या बायकांवर तुमचा विश्वास बसतो का? माझा बसत नसे. बाबांच्या युनियनची पत्रकं घरी यायची. वाचता येण्याआधी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले. महिला मंडळ म्हणजे रुग्णाच्या एका केळ्याला चार हात लावून काढलेला फोटो, हे माझं ठाम मत होतं.

जपानातल्या मोठ्या भूकंपानंतर दोनेक वर्षांनी मी तोयोसुला नोकरीला लागले. राहायचे एदोगावा भागात. तिथल्या वॉर्डाच्या सभागृहात कृष्णवर्णीय नोकरदार बायकांचा एक क्लब भरायचा. कुणी अमेरिकेची, कुणी जमैकाची. कुणी बँकेत, कुणी विद्यापीठात. भूकंपात त्यांनी उत्तरेला पाणी आणि डायपर पोचवले होते. आता इथल्या परदेशी आयांना शाळा-दवाखान्याच्या कामात मदत करत. जपानी कागद वाचायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ऑफिसातल्या एकीने मला तिकडे नेलं.

सगळ्यांची सारखी हिरवी जॅकेटं. मी संशयाने इकडेतिकडे बघत होते.

"काय शोधतेस?" अध्यक्षबाईंनी विचारलं. त्या पन्नाशीच्या, बँकेतल्या.

"फोटो कोण काढतं तुमचे?"

"कुणी नाही. या जॅकेटात सगळ्याच जाड दिसतो."

हशा झाला. माझा संशय गेला नाही.

त्या दिवशी घानाहून आलेली एक आई शाळेची चिठ्ठी घेऊन बसली होती. मी ती वाचून दाखवली. तिच्या मुलीच्या बारीक वेण्या नियमात बसत नाहीत; त्या सोडून केस सरळ केल्याशिवाय गायनस्पर्धेत वर्गासोबत उभं राहता येणार नाही. मुलगी बारा वर्षांची. दोन महिने घरात तेच गाणं चाललेलं.

"शनिवारी हिच्यासोबत मी शाळेत जाते," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मिठाईचा डबा मी घेईन."

"मिठाई? त्यांना?"

"रिकाम्या हाताने गेलं की इथे लोक आधी हातच बघतात, सिस्टर."

मला वाटलं, या घाबरतात. नोकरी, व्हिसा, शेजारपाजार सांभाळून जमेल तेवढीच यांची सेवा. मी जेवणाच्या सुट्टीत जपानीत पत्रक लिहिलं आणि कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानातल्या, झेरॉक्स मशीनवर साठ प्रती काढल्या. मुलीचं नाव नाही, शाळेचं नाही. फक्त 'आपल्या वॉर्डातली वेण्या घालणारी एक आफ्रिकी मुलगी'. शुक्रवारी संध्याकाळी त्या मायलेकींच्या घरासमोरच्या इमारतीतल्या वीस टपालपेट्यांत टाकून मग अभिमानाने त्यांच्या दारात गेले.

दार मुलीने उघडलं. तिचं जपानी माझ्याहून चांगलं. मी दिलेलं पत्रक तिने उभ्या उभ्या वाचलं.

"ताई, ही मीच ना?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात?"

"आमच्या शाळेत अशी दुसरी कोण आहे?"

मी उरलेल्या प्रती पिशवीत सरकवल्या.

"मला गायचंय," ती म्हणाली. "आता सगळे माझे केसच बघणार. किती वाटलीस?"

मी आकडा सांगितला. ती आत गेली आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी अध्यक्षबाईंना फोन केला. त्या रागावतील असं वाटलं होतं. अर्ध्या तासात आल्या, जॅकेट न घालता.

"बोलायचं तू. जपानी तुझं चांगलं. वाकायचं कसं ते माझ्याकडे बघून कर."

आम्ही बेल वाजवत गेलो. चुकून कागद पडला, परत मिळेल का? लोक मान तुकवत, कागद आणून देत. वाचला होता की नाही, चेहऱ्यावरून कळत नसे. एकोणीस मिळाले. तिसऱ्या मजल्यावरचा माणूस म्हणाला, मला काही आलंच नाही. त्याच्यावरचा संशय अजून जात नाही माझा.

शनिवारी शाळेने वेण्या मागे बांधायच्या अटीवर परवानगी दिली. स्पर्धेत मुलगी तिसऱ्या रांगेत उभी राहून गायली, असं तिच्या आईने सांगितलं. मी ऐकायला गेले नाही. ताईने येऊ नये, असा मुलीचा निरोप होता.

म्हणून एक मागणं. कुणावरच्या अन्यायाचं पत्रक तुमच्या हाती तयार असेल, तर छापण्याआधी त्याच माणसाला वाचायला द्या. ते लहान मूल असलं तरी. आणि ते नको म्हणालं, तर तिथेच, त्याच्यासमोर फाडा.