गावपळणीतला साक्षीदार

ती केस आठवली की निवृत्त होऊनही माझं डोकं तापतं. मालवण तालुक्यातल्या एका गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, कचरा जाळण्याचा कारखाना येणार होता. लांबलांबच्या शहरांचा कचरा ट्रक भरून आणायचा, भट्टीत घालायचा आणि धूर काजू-आंब्याच्या मोहोरावर सोडायचा, असा बेत. घाण त्यांची, खोकला आमचा! गाव खवळलं. विरोधात सगळ्यांच्या पुढे एक काजू बागायतदार बाई होत्या. त्यांना सारा गाव काकी म्हणे, पुढे मीही म्हणू लागलो. जनसुनावणी तोंडावर आली होती आणि गावाच्या वतीने काकीच बोलणार होत्या.

त्याच आठवड्यात गावपळण आली. आमच्याकडच्या काही गावांची ही जुनी रीत आहे. देवाचा कौल झाला की सगळं गाव गुरं, कोंबड्या, कुत्री घेऊन शिवेबाहेर जातं आणि खोपी बांधून तीन दिवस तिथेच राहतं. घरात चिटपाखरू उरत नाही. परतायचं तेही देवाने पुन्हा कौल दिल्यावरच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्यात फोन आला, की कारखान्याच्या ठेकेदाराची सड्यावरची शेड कुणीतरी पेटवली. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. शिवेपाशी हवालदाराने जीप थांबवायला लावली. तो शेजारच्याच गावचा. खाली उतरून त्याने हात जोडले.

"देवा, नोकरी आसा म्हणान जातंय. रागाव नको."

शेड जळून गेली होती. ठेकेदाराचा सुपरवायझर छाती बडवत होता, की आतलं जमिनीला भोक पाडायचं महागडं मशीन खाक झालं. पंचनामा करताना मी काठीने राख उकरली. पत्रे सापडले, बिजागऱ्या सापडल्या, मशीनचा एक नटसुद्धा सापडला नाही. लाकडाची राख होते, लोखंडाची होत नाही. एवढं कळायला पोलीस खात्यात जावं लागत नाही.

संध्याकाळी तोच सुपरवायझर आपल्या गाडीतून गावातला एक माणूस घेऊन आला. 'खात्रीची खबर' म्हणे. त्या माणसाने काकींना आणि आणखी तिघांना आग लावताना पाहिलं होतं. खबर देणारा फिर्यादीच्या गाडीतून उतरला, की मी आधी त्याच्या नजरेकडे बघतो. ह्याची नजर फरशीवरून हलत नव्हती. तेवढ्यात वरून फोन आला. "सुनावणीच्या आधी त्या बाईला आत घ्या." असं सांगणारे कधी लेखी देत नाहीत. माझा संताप झाला. काकी कोठडीत गेल्या असत्या तर सुनावणीत गाव मुकंच राहिलं असतं, आणि हवं होतं तेच!

सुपरवायझरला बाहेर बसवलं. साक्षीदाराला चहा दिला आणि जबाब घ्यायला सुरुवात केली.

"तू बघितलंस कुठून?"

"माझ्या पडवीतून, साहेब. तिथून सडा समोरच दिसतो." पाठ केल्यासारखं शुद्ध मराठी.

"म्हणजे गावपळणीत तू घरात होतास."

कप त्याच्या ओठांशीच थांबला.

"असू दे. मी लिहून घेतो," मी म्हणालो. "कोर्टात हे मोठ्याने वाचतील. सगळा गाव ऐकायला असेल. देवाचा कौल मोडून तू एकटा मागे राहिलास, हेही त्यांना कळेल."

त्याने कप खाली ठेवला. शुद्ध मराठी पळालं.

"साहेब, मी खोटा बोललंय, ता लिवा. काय शिक्षा आसा ती द्या. पण गावपळण मी मोडूक नाय! देवाशप्पत नाय! मी सगळ्यांवांगडा खोपीत होतंय."

कारखान्यात वॉचमनची नोकरी लावतो, असं त्याला सांगितलं होतं. कायद्याची भीती त्याने त्या नोकरीपायी गिळली होती, देवाची काही गिळवेना. आणि त्या सुपरवायझरची अक्कल बघा! रिकामं गाव बघून त्याने डाव साधला. पण ज्या गावात माणूसच नाही, तिथे आग लावणारे आणि बघणारे आणायचे कुठून, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

झडती घेतली, तर मशीन ठेकेदाराच्याच गोदामात ताडपत्रीखाली मिळालं. सुपरवायझरवर गुन्हा दाखल केला, तो लगेच जामिनावर सुटला. फोन करणाऱ्याला कुणी साधं विचारलंही नाही. ह्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाऊही नये. तेव्हा मी एक शिकलो. कुणाला अटक करा म्हणून घाई झाली, की त्या अटकेने कुणाचं तोंड बंद होणार आहे ते आधी बघायचं.

सुनावणीला बंदोबस्त माझाच होता. मंचावरचे साहेब धूर किती निरुपद्रवी आहे ते पडद्यावर दाखवत होते. मग काकी उठल्या. आवाज चढवला नाही.

"सायबानू, आमी देवाच्या कौलान गाव सोडतंव. तीन दिसांनी देवच आमका परत बोलयता. तुमच्या धुरान गाव सोडूचो लागलो, तर परत येवक कौल कोण देतलो?"

मंचावरचा प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघू लागला. कारखान्याची फाईल अजून बंद झालेली नाही, आणि काकींना उत्तरही मिळालेलं नाही.