समुद्राकडे पाठ

आमच्या किनाऱ्यावर सूर्य माडांमागून उगवतो. त्यामुळे शहरातून इथे राहायला आलेला हा गृहस्थ रोज पहाटे समुद्राकडे पाठ करून उभा. एका हातात मोबाइल, दुसऱ्यात कुत्र्याची साखळी, आणि तोंडाने “वा, वा!” जणू सूर्याला यानेच हाक मारून उठवलं. त्याच्या पाठीमागे रापणीचं जाळं दोरीने किनाऱ्यावर ओढताना आमचा दम निघतो. दोरीला हात लावील त्याला मासळीचा वाटा, अशी इथली रीत. याने कधी बोट लावलं नाही. परवा कुत्राच हिसडा देऊन सुटला आणि दोरी दातांत धरून आमच्याबरोबर ओढू लागला. जाळं वर येताच याने पिशवी पुढे केली. म्हाताऱ्या म्होरक्याने एक बांगडा कुत्र्यापुढे टाकला.

“दोरी ह्येना ओढल्यान, वाटो ह्येचो. तुमका सूर्य गावलो मां?”