बायकोचं ऐकणारा

माझी बायको जाऊन वर्ष होत आलं. भेटायला येणारे म्हणतात, बाबा, तुमी पाळक माणूस, लोकायले धीर देणारे, तुमाले आमी काय सांगाव. मी मान हलवतो. पाळकाला बायको मेल्याचं कमी लागतं असं यांना कोणी सांगितलं कोण जाणे. मला रोज सकाळी चहाच्या वेळी लागतं. पण आज लिहायला बसलो ते रडगाणं गायला नाही. एका माणसावर मी जन्मभर जळत आलो, त्याबद्दल लिहायचं आहे. तो माझा वर्गमित्र. त्यानं माझं काही चोरलं नाही, माझ्याबद्दल कधी वाईट बोलला नाही. माझ्या बायकोनं एकदा त्याला काही सांगितलं, जे मला कधीच सांगितलं नाही. एवढंच. पण हे एवढंच मला जन्मभर पुरलं.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच सुमारास आम्ही दोघं नवरा-बायको यवतमाळच्या सेमिनरीत आलो. सेमिनरी म्हणजे पाळक तयार करायची शाळा. एकीकडे इंग्रजीतून शिकणारे होते, कॉलेज करून आलेले, केरळाकडचे, आसामाकडचे. त्यांच्या पायात बूट. दुसरीकडे आम्ही मराठीवाले, कोणी चौथी, कोणी सातवी. मी चौथी. त्या बुटांवरही मी जळत असे, पण ते जळणं चार दिवसांचं. खरं जळणं पुढं आलं.

त्याआधी मी झरी-जामणीकडे जंगलात सागाच्या तोडीवर कामाला होतो, ओंडके ओढणाऱ्या बैलांमागे. आमची पहिली पोर मी जंगलात असताना जन्मली आणि मी जंगलात असतानाच तापानं गेली. मधे सणासुदीला घरी आलो तेवढीच मी पाहिली. निरोप पोचला तोवर तिला माती देऊन झाली होती. घरी गेलो तर बायको चुलीपुढं बसलेली. मी म्हटलं, देवाची मर्जी. तिनं चुलीत लाकूड सारलं. मी प्रार्थना केली आणि विषय मिटला असं धरून चाललो. ती रडत नव्हती, भाकरी थापत होती, म्हणजे बरी आहे असं मला वाटलं. आमच्याकडे तेव्हा माणूस बरं आहे की नाही हे असंच ओळखत.

तर हा वर्गमित्र. उमरखेडच्या खालच्या अंगाला त्याचा बंजाऱ्यांचा तांडा. घरी गोरबोली बोलत, त्यामुळं पुस्तकातली मराठी वाचताना तो अडखळायचा. ख्रिस्ती सिद्धांताच्या तासाला गुरुजींनी विचारलं, की मी धडाधड सांगायचो: तारण म्हणजे काय, कृपा म्हणजे काय, कशाला कोणत्या वचनाचा आधार. तो छताकडं पाहत बसायचा. मला बरं वाटायचं.

पण उपदेशाच्या तासाला गडबड होई. तिथं आळीपाळीनं एकानं उभं राहून उपदेश करायचा आणि बाकीच्यांनी त्यातल्या चुका काढायच्या. मी घाटंजीच्या बाजारात कापसाच्या गाड्यांपुढं उभा राहून येशूचं वचन ओरडून सांगितलेला माणूस. माझा उपदेश झाल्यावर तास घेणारे मिशनरी साहेब म्हणाले, तुमचा आवाज फार दूर जातो. मी ते कौतुक समजलो. मग हा उठला. बायबलातल्या हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला आणि मेंढराचा त्यानं बैलच करून टाकला. त्यांच्या तांड्याचा बैल एकदा रानात चुकला होता. त्याचा बाप त्याला हाका मारत कसा फिरला आणि बैल सापडल्यावर त्याला न मारता त्याच्या पाठीवर डोकं टेकून कसा उभा राहिला, ते त्यानं हळू आवाजात सांगितलं. मागच्या बाकावर ऐकू येत नव्हतं, तर पोरं पुढं सरकून बसली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. चुका काढायची पाळी आली तेव्हा मी म्हटलं, शास्त्रात मेंढरू आहे, बैल नाही. कोणी मान हलवली नाही.

मग दुसऱ्या वर्षी साहेबांनी सल्ल्याचा तास सुरू केला. दुःखातल्या, पापातल्या, भांडणातल्या माणसाला शास्त्राच्या आधारानं सल्ला कसा द्यावा, हा विषय. साहेब गोरे, मराठी शिकून आलेले. व्याकरण आमच्यापेक्षा चांगलं, पण बोलण्याची खुबी ठाऊक नाही. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सल्ला देण्याआधी ऐका. आणि घरापासून सुरुवात करा. चांगला पाळक आपल्या बायकोचं ऐकतो."

वर्ग असा हसला की विचारू नका. आमच्याकडं बायकोचं ऐकणारा म्हणजे कोण, ते सगळ्यांना माहीत. पाणी भरणारा, लुगडं धुणारा. मागून एक जण म्हणाला, "साहेब, मॅडमसाहेब तुमच्याकडून ते करून घेतातच." साहेब खूश होऊन म्हणाले, होय, रोज. मग तर बाक वाजले. मी सगळ्यांत जास्त हसलो. बाजूला हा बसलेला, तो हसला नाही. त्याला साहेबाचं म्हणणं कळलं होतं. मला उशिरा कळलं, आणि तेही त्याला आधी कळलं म्हणून मला राग आला.

त्या दिवसापासून सेमिनरीनं आम्हाला राहायला दिलेल्या कॉटरात कोणी बायकोला कोळसे आणून दिले तरी बाकीचे म्हणत, काय जी, ऐकून राह्यले वाटते. मी तर काही आणूनच देईना.

पुढं साहेबांनी प्रत्यक्ष काम दिलं. प्रत्येकानं कॉटरातल्या एका माणसाकडं जाऊन त्याच्या मनातलं विचारायचं. बाईकडं जायचं असेल तर नवरा-बायको दोघांनी मिळून जायचं, आणि तेही दिवसाउजेडी, व्हरांड्यात बसून. बोललेलं बाहेर काढायचं नाही. कोण कुणाकडं जाणार, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या वाट्याला म्हातारा चौकीदार आला. मी त्याला वचनावर वचन ऐकवलं, त्याला झोप लागली. आणि माझी बायको आली त्याच्या वाट्याला.

घरच्या माणसानं जवळ थांबायचं नाही, असा नियम होता. मी लाकडं फोडायच्या निमित्तानं लिंबाच्या झाडाखाली गेलो. तिथून आमचा व्हरांडा दिसे, आवाज येत नसे. तो आणि त्याची बायको सतरंजीवर, माझी बायको भिंतीला टेकून, पदर डोक्यावर. बराच वेळ कोणीच बोलेना. मला वाटलं, बरं झालं, याचीही फजिती. मग तिचे ओठ हलले. मग हात हलायला लागले. बोलताना तिचे हात हलतात हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. ती किती तरी वेळ बोलली. पदरानं डोळे पुसले. त्याची बायको सरकून तिच्याजवळ बसली. तो नुसता खाली पाहत होता. एक वचन उघडलं नाही, एक सल्ला दिला नाही. आणि मग माझी बायको हसली. पोर गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. तिच्यापाठोपाठ ते दोघंही हसले.

हे माझ्यावरच हसले, असं मी धरलं. कुऱ्हाड लाकडात रुतली ती मला निघेना.

संध्याकाळी ती भाकरी करत होती. मी विचारलं, "काय बोलली त्यायच्यापाशी?"

"बोलली काई तरी."

"मले सांग."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुमी तवाच इचारलं असतं तं तुमालेच सांगितलं असतं."

"आता इचारून राह्यलो ना."

"आता सांगून झालं."

रागानं बोलली असती तर मीही चार शब्द बोललो असतो. ती शांत होती. त्या रात्री ती गाढ झोपली आणि मी जागा.

मी त्यालाही गाठलं. कधी गोडीनं, कधी भांडून. तो म्हणे, साहेबानं काय शिकवलं, ते तू बी ऐकलं ना. मी म्हटलं, ती माही बायको होय. तो म्हणे, म्हणून तं तिलेच इचार. परीक्षेत सल्ल्याच्या विषयात तो पहिला आला. साहेबांनी सगळ्यांपुढं त्याच्या पाठीवर हात ठेवला. सिद्धांतात पहिला मी आलो, तर साहेब म्हणाले, छान, पाठांतर छान आहे.

पुढं मला सांभाळायला घाटंजीकडची मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, मिळालं, त्याला उमरखेडकडची. वर्षातून एकदा पाळकांची सभा भरे तेव्हा तो आमच्याकडं मुक्कामाला येई. बायको त्याच्या चहात जास्त दूध घाली. मी कप बाजूबाजूला ठेवून पाहिलेत, माझा काळा असे. मी म्हटलं तर म्हणे, पाव्हना हाय. त्याच्याशी ती फार बोलायचीही नाही. त्याच्या बायकोची खुशाली विचारायची आणि आत जायची. पण तिचं सांगून झालेलं होतं, त्याचं ऐकून झालेलं होतं, आणि दोघांच्या मधे मी चहा पीत बसलेला.

आमचा संसार वाईट झाला नाही. पुढं लेकरं झाली, जगली, शिकली. बायको माझ्यावर खेकसायची, मी तिच्यावर. म्हातारपणी तिचे पाय चेपून देण्यापर्यंत माझी मजल गेली. कधी मूड पाहून मी विचारायचो, त्या दिवशी काय बोलली व तू. ती म्हणायची, कायले पायजे तुमाले आता. मला हवं होतं. शेवटच्या आजारातही एकदा विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले. मला वाटलं आठवून राह्यली, पण तिला झोप लागली होती.

ती गेल्यावर तो मातीला आला नाही, त्याला चालवत नव्हतं. पावसाळा सरल्यावर मीच एसटीनं उमरखेडला गेलो. त्याची बायको आधीच गेलेली. सुनेनं खाट टाकून दिली. थोडा वेळ गुडघ्यांचं, डोळ्यांचं बोलणं झालं. मग मी सरळ विचारलं.

"माह्याबद्दल काय बोलली होती ते सांग. ती गेली, तुही बायको गेली. आता सांगितल्यानं कोणाचं काय बिघडते?"

तो म्हणाला, "तुह्याबद्दल काईच नाई बोलली."

मी किती वर्षं उत्तरं तयार ठेवली होती. जंगलात पोटासाठी गेलतो. निरोप उशिरा आला. देवाची मर्जी म्हटलं ते तिला धीर यावा म्हणून. त्यातलं एकही त्याला नको होतं. हा माणूस खोटं बोलत नाही हे मला ठाऊक. त्याच्यात दुसरं काही नसतं तरी एवढ्यावरही मी जळलो असतो. बायकोनं मला शिव्या दिल्या असत्या तर निदान त्या तासात मी असतो.

"मंग इतका वेळ बोलली कायचं?"

तो खाटेची सुतळी ओढत बसला. मी उठणार नाही हे त्यानं ओळखलं असावं. म्हणाला, "बोलनं तिचं होतं. पन पोर तं तुही बी होती." मग, "पोरीचंच बोलली. कशी रांगे, काय खाय. तुमच्या घरी गोऱ्हा होता ना? त्याले पोर बाबा म्हने. कोनी इचारलं बाबा कुठी हाय, तं गोठ्याकडे बोट दाखवे."

"तवाच हासले का तुमी?"

"हो. तवाच."

"अजून काय सांगितलं?"

त्यानं खूप आठवून पाहिलं. कपाळाला हात लावला, सुनेला पाणी मागितलं, पाणी प्यायला. "लय होतं गा. पन आता इतकंच याद हाय."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. माझ्या पोरीचे सगळे दिवस याच्या हवाली केले होते, आणि यानं एक सोडून सगळे घालवले. मला दिले असते तर मी पाठ करून ठेवले असते. पाठांतरात मी पहिला होतो. पण त्याचे डोळे भरले होते, आणि तो खरंच आठवायची धडपड करत होता, म्हणून गळा राहू दिला. सुनेनं चहा आणला तो घेतला आणि स्टँडवर आलो.

खिडकीपाशी जागा मिळाली. तो गोऱ्हा मला चांगला आठवत होता. लाल रंगाचा, कपाळावर पांढरा टिकला. सणाला घरी आलो की मीच त्याला धुवायचो. पुढं बापानं तो घाटंजीच्या बाजारात विकला. पोरीनं गोठ्याच्या दारातून हाक मारली असेल तेव्हा त्यानं मान वळवून तिच्याकडं पाहिलं असेल, हात चाटला असेल. घर येईपर्यंत मी त्या जनावरावर जळत होतो.